सूर्यास्तानंतरचा लाडू

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झाले नव्हते, तेव्हा जेरोमचं पत्र आलं. उत्तम परुळेकरांनी ते खिडकीशी उभं राहून वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, आणि उत्तर सवडीने नीट लिहू म्हणून शब्दकोशात ठेवून दिलं. ते उत्तर काही त्यांच्या हातून लिहून झालं नाही.

जेरोम उत्तनकडच्या चौक गावचा. गिरगावातल्या एका छापखान्यात दोघांनी उमेद होती तोवर नोकरी केली. जेरोम यंत्रावर होता, उत्तमराव मुद्रितं तपासायला. यंत्राच्या खडखडाटाने जेरोमचे कान गेले. निवृत्तीनंतर फोनवर बोलणं म्हणजे इकडून ओरडणं आणि तिकडून "काय?" एवढंच व्हायला लागलं, तेव्हापासून दोघं पत्रं लिहीत. उत्तमराव राहत त्या भाईंदरहून चौकला बस जाते, तासाभरात माणूस पोचतो. पत्राला मात्र चार-पाच दिवस लागत. त्याचं दोघांनाही काही वाटत नसे.

"उत्तम," जेरोमने लिहिलं होतं, "जानेवारीत आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. चर्चमध्ये मिस्सा हाय, मग घरी जेवण. लग्नात माझ्या बाजूला साक्षीला तू उभा होतास, आतापण तूच उभा राहायचं. पोरं बोलतात, अंकल आजारी हाय, त्यांना खुर्ची देऊ. मी बोललो, न्हाय, तो उभा राहील. येतोस की न्हाय तेवढं कळव. फोन करू नको. मला ऐकू येत न्हाय आणि कॉनी अर्धंच सांगते."

प्रश्न साधा होता. उत्तर कोणतंही असलं तरी दोनच अक्षरांचं. अडचण अशी होती, की आपल्याला उभं राहता येईल की नाही हे उत्तमरावांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

त्यांचं लिव्हर आकसलं होतं. कधी काळी अंगात शिरलेल्या काविळीच्या विषाणूने आतल्या आत वर्षानुवर्षं काम केलं आणि एक दिवस पाय सुजले, पोटात पाणी झालं, तेव्हा ते कळलं. विषाणू औषधाने आवरला. लिव्हरवरचे वण राहिले. उत्तमरावांनी दारू कधी तोंडाला लावली नव्हती. तरी भेटायला येणारे 'लिव्हर' म्हटल्यावर क्षणभर गप्प होत, म्हणून त्यांची बायको वासंती चहाचं आधण ठेवण्याआधीच सांगून टाकी, "यांनी आयुष्यात सोडावॉटरसुद्धा घेतलं नाही हो."

पथ्याचं सगळं तिने स्वतःकडे घेतलं होतं. रुग्णालयातून घरी सोडताना कागदावर फक्त 'मीठ कमी' एवढं लिहिलेलं होतं. वासंतीला ते अपुरं वाटलं. तिच्या माहेरी, वेंगुर्ल्याला, काविळीच्या माणसाला डाळ देत नसत, अंडं देत नसत, मासळीचा तर वाससुद्धा नाही. तिने हे सगळं बंद केलं. नवऱ्यापुढे एकटीने काय खायचं म्हणून स्वतःचाही बांगडा सोडला. उरला मऊ भात, ताक, उकडलेला दुधी, पडवळ, कधी एखादी पातळ पोळी.

दुसरा नियम समोरच्या दारातून आला. समोर मनोरमाबेन शाह राहत. जैन, संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायच्या, त्यानंतर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून घटका-दोन घटका होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. वयाने वासंतीहून मोठ्या, पण भाजीच्या दोन पिशव्या घेऊन जिना चढताना मध्ये थांबत नसत. "रात को पेट को छुट्टी, भाभी," त्या म्हणत, "इसीलिए मैं घोडे जैसी हूँ." वासंतीने मनाशी विचार केला, पोटाला सुट्टी म्हणजे लिव्हरलाही सुट्टी. आजारी माणसाला जितकी विश्रांती तितकी बरी.

तेव्हापासून परुळेकरांच्या घरी पाच वाजता कुकरची शिट्टी व्हायची. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर अजून ऊन असतानाच उत्तमराव जेवून उठायचे. रात्रीच्या गोळीपुरतं पाणी वासंतीने माफ केलं होतं. मग थेट सकाळी, आंघोळ आणि तिची पूजा झाल्यावर, ताकभात. सुरुवातीला त्यांना रात्री भुकेने जाग यायची. पुढे भूकही यायची थांबली, आणि पथ्य मानवलं असं दोघांनाही वाटलं.

वासंतीकडे पुरावा होता. ती दर रविवारी त्यांना वजनकाट्यावर उभं करी. आकडा हलत नसे; हललाच तर वर जाई.

"बघा," ती पुण्याला मुलाला, यतीनला, फोनवर सांगायची, "डाळ नाही, मासे नाहीत, आणि तुझ्या बाबांचं वजन जागच्या जागी. सगळं हातात असतं रे माणसाच्या."

उत्तमराव ऐकत असत. आकडा स्वच्छ दिसत होता, आणि स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टीशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती. पण काही गोष्टी त्या आकड्याशी जुळत नव्हत्या. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरेना. शब्दकोश एका हाताने उचलता येईना. सदऱ्याच्या खांद्याची शिवण दंडावर उतरू लागली. आणि पायजमे लांब झाले. चालताना टाचेखाली यायला लागले.

"कापड सैल पडलंय," वासंती म्हणाली आणि चारही पायजमे खालच्या शिंप्याकडे देऊन आली. शिंप्याने कापड बोटांत धरून पाहिलं, ताणून पाहिलं. "आंटी, कपडा तो वैसा का वैसा है," तो म्हणाला, आणि सांगितलं तेवढी दुमड घालून दिली.

जेरोमला काय लिहायचं याची परीक्षा उत्तमरावांनी स्वतःच ठरवली. खिडकीशी त्यांची वेताची खुर्ची होती, बसायला खोल, गिरगावातून आणलेली. त्या खुर्चीतून हात न टेकता उठता आलं तर 'येतो' असं लिहायचं. नाही आलं तर 'नाही'. ही परीक्षा ते वासंती आंघोळीला गेली की घेत, म्हणजे निकाल कोणाला कळायला नको. पहिल्या दिवशी ते उठू शकले नाहीत. एवढ्यावरून 'नाही' लिहिणं त्यांना घाईचं वाटलं. उद्या पाहू. उद्याही तेच झालं. छापखान्यात शंका आलेला मजकूर ते कधी हातावेगळा करत नसत. ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेवत आणि मालक ओरडेपर्यंत त्याच्यावर विचार करत. जेरोमचा प्रश्न तसाच पेन्सिलीच्या रेघेवर राहिला. डिसेंबर लागला तेव्हा त्यांना दोन्ही हात टेकूनही उठताना वासंतीचा दंड धरावा लागत होता.

नाताळच्या जरा आधी, एका सकाळी, सरकत्या खिडकीची काच अडकली. त्यांनी ती जोर लावून ओढली. पाठीत काहीतरी झालं. आवाज आला की नाही हे त्यांना नंतर नक्की सांगता येईना, पण ते जिथे उभे होते तिथेच खाली बसले आणि वासंती बाथरूममधून येईपर्यंत बसून राहिले.

"लचकली असेल," ती म्हणाली. तिने बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी दिली आणि त्यांना अंथरुणातून हलू दिलं नाही. आता विश्रांती दिवसाचीही झाली.

जेरोमकडच्या समारंभाचा जानेवारीतला तो रविवार ते पडूनच होते. जेरोमला अजून काही कळवलेलं नव्हतं. 'येतो' लिहिण्यासारखं काही राहिलं नव्हतं आणि 'नाही' लिहायला आता फार उशीर झाला होता. पाठ दुखतेय असं वासंतीने फोन करून सांगितलं असतं, तिने विचारलंही. "मी लिहिणार आहे," ते म्हणाले.

संध्याकाळी जेरोमच्या बायकोचा, कॉनीचाच फोन आला. तिचा आवाज एवढा मोठा, की पलंगावरून ऐकू येत होता. इतकी वर्षं बहिऱ्या नवऱ्याशी बोलून झालेला.

"काय गं वासंती, आला न्हाय तुझा नवरा? आणि कळवलापण न्हाय?"

"अगं, पाठ धरलीय त्यांची. उठवत नाही."

"बरा हाय ना पण? आमचा म्हातारा बाजूला कुणालाच उभा राहू देईना. फादर बोलले, नातवाला उभा करा. न्हाय बोलला. जागा तशीच सोडली. आता जेवताना बोलतो कसा, उत्तम अजून पत्राचं प्रूफ तपासतोय, चूक सापडली असेल त्याला."

वासंती हसली. फोन ठेवून ती हसतहसतच खोलीत आली आणि कॉनीचं वाक्य तिने जसंच्या तसं सांगितलं. उत्तमरावांनी तोंड भिंतीकडे केलं. तसं वळतानाही त्यांना पलंगाची कड धरावी लागली.

फेब्रुवारीत पाय पुन्हा सुजले आणि पोट ताठ झालं, म्हणून त्यांना मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं. तिथे डॉ. संपदा टिपणीस म्हणून लिव्हरच्या डॉक्टर होत्या. त्यांनी पोट तपासलं आणि मग, उत्तमरावांना नवल वाटलं, बराच वेळ त्यांचे दंड, मांड्या आणि कानशिलंच पाहत राहिल्या. स्वतःची दोन बोटं त्यांच्या हातात दिली.

"काका, दाबा. जोरात."

"दाबतोय."

"दाबताय?" डॉक्टरांनी बोटं सोडवून घेतली. "बरं. आता हाताची घडी घाला आणि खुर्चीतून उठून दाखवा."

उत्तमरावांनी वासंतीकडे पाहिलं. लपूनछपून चाललेली परीक्षा इथे चारचौघांत आली होती. त्यांनी घडी घातली, पुढे झुकले, आणि जागचे हलले नाहीत.

"वजन मात्र अजिबात कमी झालेलं नाही हं," वासंती लगबगीने म्हणाली. "मी दर आठवड्याला बघते."

"ते पाण्याचं वजन आहे, काकू. पोटात आणि पायांत पाणी भरत गेलं आणि अंगावरचं मांस उतरत गेलं. बेरीज तेवढीच राहिली." त्यांनी मग विचारलं, "रात्री किती वाजता जेवतात?"

"रात्री नाही. सूर्य मावळायच्या आत. मग सकाळी साडेनऊला ताकभात. लिव्हरला विश्रांती हवी ना."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "लिव्हरला विश्रांती नसते, काकू. चांगलं लिव्हर दिवसा साखर साठवतं आणि रात्री थोडी थोडी सोडतं, म्हणून आपण रात्रभर उपाशी झोपू शकतो. काकांच्या लिव्हरला साठवताच येत नाही. मग एवढ्या लांब रात्रीत शरीराने खायचं काय? ते स्वतःचे स्नायू मोडून खातं. रोज रात्री. वर डाळ, अंडं, मासे काही नाही, म्हणजे मोडलेलं भरून काढायलाही काही नाही."



पाठीचा फोटो काढला तेव्हा एक मणका दबलेला निघाला. हाडांची तपासणीही करायला लावली. हाडं पोकळ व्हायला लागली होती. या आजारात हाडंही झिजतात, डॉक्टर म्हणाल्या, आणि अंगात मांस नसलं, ऊन नसलं, माणूस पडून राहिला की जास्तच. लचक नव्हती ती. खिडकी ओढताना मणकाच दबला होता.

"म्हणजे उंची..." उत्तमरावांनी पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं.

"थोडी कमी झाली असणार. मणका आधीपासूनच थोडा थोडा बसत आला असेल, खिडकी निमित्त झाली."

"पायजमे," ते वासंतीला म्हणाले. त्यांनी ते सहजच म्हटलं होतं, पण तिने चटकन मान दुसरीकडे वळवली.

पोटातलं पाणी काढलं, गोळ्या बदलल्या, हाडांचं औषध सुरू झालं. घरी आल्यावर रविवारी काट्यावर उभं केलं तेव्हा आकडा एकदम खाली आला होता. पोट गेल्यावर जे उरलं होतं ते वासंतीने त्या दिवशी प्रथम पाहिलं. तिने काटा पलंगाखाली सारला आणि पाच वाजता सवयीने कुकर लावला. शिट्टी झाल्यावर तिने गॅस बंद केला, समोरचं दार वाजवलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"मनोरमाबेन, तुमचा तो नियम. आमच्या यांना त्याने फार त्रास झाला."

"कौनसा नियम?"

"सूर्यास्ताचा. मी दोन वर्षं पाळायला लावला त्यांना."

मनोरमाबेन चष्मा कपाळावर सारून तिच्याकडे बघत राहिल्या. "अरे भाभी! बीमार आदमी को? बीमार को तो छूट होती है. मेरे ससुर बीमार थे तब महाराजसाहेबने खुद कहा था, इनको रात में दूध पिलाओ. तुमने मुझे पूछा क्यों नहीं?"

"विचारलं नाही खरं."

"तुम लोग भी ना! हमारा धरम हमसे भी ज्यादा पालते हो." आणि मग, तिचा चेहरा पाहून, गुजरातीकडे झुकलेल्या मराठीत, "बस, रडायचं नाय. आत ये, बेस."

वासंती आत गेली नाही. तिने घरी येऊन शेंगदाणे भाजले, डाळ्याचं पीठ आणि गूळ घेतला आणि लाडू वळले. रात्री साडेनऊला, झोपायच्या आधी, एक लाडू आणि कपभर दूध तिने त्यांच्यापुढे ठेवलं.

"आत्ता?" उत्तमराव म्हणाले.

"आत्ताच म्हणाल्यात डॉक्टर. झोपताना."

एवढ्या उशिरा काही खाण्याची त्यांना सवय राहिली नव्हती. त्यांनी लाडूचा एक तुकडा मोडला. बाहेर अंधार होता, खालच्या रस्त्यावर रिक्षावाल्यांची कुरबुर चालली होती. वासंती ते पूर्ण खाईपर्यंत समोर उभी राहिली. कसा झालाय असं तिने विचारलं नाही. शेवटी ते म्हणाले, "गूळ बरोबर पडलाय."

"शेंगदाण्याची सालं राहिलीत थोडी."

"असू देत."

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. सकाळी उठल्याबरोबर काहीतरी पोटात, मग मूग, अंडं, दुपारी वरण, आणि बाजारात उत्तनच्या कोळणी बसतात त्यांच्याकडून बांगडा किंवा मांदेली. सुकी मासळी नाही, कारण मीठ. पहिल्यांदा बांगडा तळला त्या दिवशी वासंतीने स्वतःसाठीही एक घेतला आणि पानात वाढून बराच वेळ तसाच ठेवला. पाठीचं दुखणं सरल्यावर व्यायाम सुरू झाला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जेवणाच्या उंच खुर्चीवर दोन उशा ठेवायच्या, त्यावरून उठायचं, बसायचं. ते जमलं की एक उशी काढायची. सकाळी गच्चीत उन्हात फिरायचं. मनोरमाबेनही कधी गच्चीत वाळवण बघायला यायच्या. "भाईसाहब, लेफ्ट-राइट!" म्हणायच्या. उत्तमराव लाजून वेग कमी करत.

फार काही पालटलं नाही. एकदा पोटात पुन्हा पाणी झालं आणि मिळवलेलं बरंचसं गेलं. उशी परत आली. लिव्हर जसं होतं तसंच होतं, ते काही पूर्वीचं होणार नव्हतं. पण पावसाळा निम्मा सरला तेव्हा बाटलीचं झाकण त्यांना फिरवता येऊ लागलं, आणि उशा दोन्ही गेल्या.

जेरोमचं पत्र शब्दकोशातच होतं. शब्द पाहायला कोश उघडला की ते समोर येई आणि उत्तमराव दुसऱ्या पानावर जात.

एका सकाळी, वासंती आंघोळीला गेलेली असताना, ते वेताच्या खुर्चीत बसले. हाताची घडी घातली. पुढे झुकले. मांड्या थरथरल्या, गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि ते उभे राहिले. खिडकीतून समोरची गच्ची पूर्वीपेक्षा थोडी कमी दिसत होती. खात्री करून घ्यावी म्हणून ते पुन्हा बसले. दुसऱ्यांदा अर्ध्यावर येऊन परत खाली गेले. तिसऱ्यांदा त्यांनी केलंच नाही.

एकदा जमलं होतं, एकदा नव्हतं. म्हणजे परीक्षेचा निकाल पुन्हा पेन्सिलीच्या रेघेवर. या वेळी उत्तमरावांनी निकालाची वाट पाहिली नाही. ते दोन्ही हात टेकून उठले, टेबलाशी गेले आणि आंतर्देशीय पत्र पुढे ओढलं.

"प्रिय जेरोम,

जानेवारीत आलो नाही आणि कळवलंही नाही. उभं राहता येत नव्हतं. तू पोरांना सांगितलंस की मी उभा राहीन, त्यामुळे तसं लिहवेना. चूक तुझी नाही.

आता एकदा सोडून एकदा उठता येतं. उभं फार वेळ राहता येत नाही. पाठीचा एक मणका बसला आहे, तो उठायचा नाही. मी तुझ्याहून दोन बोटं उंच होतो, आता नसेन, बघून घे.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी वासंतीला घेऊन येतो. तुझ्या बाजूला खुर्ची ठेव. पोरांचं बरोबर होतं. उंच ठेव, हात असलेली, फार मऊ नको. मी बांगडा खातो, सुकं खात नाही. रात्रीचं जेवणही तिथेच, सूर्यास्तानंतर. कॉनीला सांग, लाडू आम्ही आणतो.

तुझा,
उत्तम"

वाचून पाहताना एका शब्दावर पहिलीच्या जागी दुसरी वेलांटी पडलेली त्यांना दिसली. त्यांनी पेन उचललं, आणि परत ठेवलं. कडा चिकटवल्या.

"द्या इकडे," वासंती केस पुसत म्हणाली, "खाली जाणारच आहे मी, टाकते पेटीत."

"नको. मी जातो."

"जिना आहे."

"उतरायचाच आहे."

"आणि चढायचा कोणी?"

"तो नंतर."

तिने चपला त्यांच्यापुढे सरळ करून ठेवल्या. उत्तमराव कठड्याला धरून एकेक पायरी उतरले, रिक्षांच्या रांगेच्या कडेने नाक्यापर्यंत गेले. पेटीचं तोंड त्यांच्या आठवणीपेक्षा थोडं वर होतं. त्यांनी हात वर केला, पत्र आत सरकवलं आणि ते खाली पडल्याचा आवाज आल्यावरच हात काढला.